ऋण काढून सण... पण कोणासाठी?



'ऋण काढून सण करणे' हा वाक्प्रचार मी शाळेत कितीतरी वर्षे शिकवला. मुले वहीत अर्थ लिहीत, "ऐपत नसताना कर्ज काढून चैन करणे." दोन गुणांच्या प्रश्नाला एवढे पुरेसे असते. पण त्यात गोष्ट अर्धीच आली आहे. ऋण कोणी काढले हे कळते, सण कोणासाठी झाला हे कळत नाही. साडी कोणी नेसली, अंगठी कोणी घातली, जेवून-खाऊन "यंदा काही थाट नव्हता बुवा" असे कोण म्हणाले, याबद्दल अवाक्षर नाही. सगळा दोष कर्ज काढणाऱ्याच्या माथी मारून आपण मोकळे!

आज मला उरलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. थोडे कडक लिहिणार आहे. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. शेतकरी, मजूर, लहान नोकरदार सणावारात पैसा उधळतात म्हणून कर्जबाजारी होतात, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे भरपूर आहेत. ही तक्रार आजची नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे-नगरकडे पसरला. आपण त्याला दख्खनचे दंगे म्हणतो. सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हाही साहेब लोकांत हाच सूर होता, की कुणबी लग्नात आणि सणात बुडतो. पण १८७६ च्या अहवालात आयोगाने काय म्हटले? या खर्चाला फाजील महत्त्व दिले जाते. तो खर्च हिशेबात असतो खरा, पण कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो. मूळ असते ते साऱ्यासाठी, बियाण्यासाठी, दाण्यांसाठी घेतलेल्या लहान लहान उचलीत आणि त्यावर चढत जाणाऱ्या व्याजात. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

दीडशे वर्षे होत आली, तरी मूळ फार बदललेले नाही. आमचे मुक्ताईनगर (जुने एदलाबाद) तापी-पूर्णेच्या काठचे. केळी आणि कापूस ही इथली दोन मुख्य पिके. मे-जूनमध्ये वादळ आले की घडांनी लदलेली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी होते. बोदवड-भुसावळच्या दवाखान्यात आठ दिवस काढले की दोन वर्षांची शिल्लक जाते. मुलाला पुण्याला शिकायला पाठवले की वसतिगृह आणि खानावळ आलीच. कर्ज इथे होते. शेव-चकलीने कोणी कर्जबाजारी होत नाही. २०२२ च्या दिवाळीत सरकारने रेशन दुकानावर 'आनंदाचा शिधा' दिला होता. रवा, साखर, हरभरा डाळ एकेक किलो आणि लिटरभर पामतेल, सगळे मिळून शंभर रुपयांत. बाजारभावाने घेतले तरी एका घराचा फराळ कोणाचे घर बुडवत नाही.

म्हणजे सणाने कर्ज होते, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. झालेले कर्ज फिटू न देण्याचे काम मात्र आपला सण करतो, आणि ते आपण, म्हणजे घेणारे लोक, करवून घेतो.

कसे ते सांगतो. आमच्याकडे कापसाची पहिली-दुसरी वेचणी आणि दिवाळी एकाच सुमाराला येते. वर्षात हातात रोख पैसा दिसण्याचे हेच दिवस. सोसायटीचे खरीप पीक कर्ज ३१ मार्चपर्यंत फेडायचे असते. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा दर ७ टक्के, आणि वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे पडते ४ टक्क्यांनी. शिवाय राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तीही वेळेवर फेडणाऱ्यालाच. आता समजा २ लाखांचे पीक कर्ज आहे. दिवाळीत ४० हजार रुपये कपडे, ओवाळणी आणि आहेरात गेले. मार्चमध्ये नेमके तेवढेच कमी पडले. थकबाकीदार झाला! केंद्राची ३ टक्के सवलत गेली, म्हणजे ६ हजार वर्षाचे. राज्याची गेली ती वेगळी. वरून पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभे करणार नाही. मग बियाण्याला पैसे कुठून? कृषी केंद्राची उधारी, नाहीतर खाजगी सावकार. दिवाळीच्या त्या ४० हजारांची खरी किंमत त्याला पुढच्या जूनमध्ये कळते. तोवर साडी नेसणारीची एक धुणीही झालेली नसते!

मी गणिताचा मास्तर नव्हतो, पण फळ्यावर एवढे गणित मांडता येईल. गावोगाव फायनान्सवाले "फक्त १२ टक्के" म्हणून कर्ज देतात. ६० हजार घेतले, मुदत २ वर्षे. १२ टक्क्यांनी २ वर्षांचे व्याज १४,४००. एकूण ७४,४००, भागिले २४, हप्ता ३,१००. सोपे वाटते ना? पण वर्षभरात निम्मे मुद्दल तुम्ही परत केलेले असते, आणि व्याज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या ६० हजारांवर लावलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर खरा दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या थोडा वर. १२ चे २१ कधी झाले ते घेणाऱ्याला कळतही नाही.

क्रेडिट कार्डाचे तर विचारूच नका. ३० हजारांचे बिल आहे, "किमान रक्कम" म्हणून ५ टक्के, म्हणजे १,५०० रुपये भरले आणि माणूस निर्धास्त झाला. महिन्याला साडेतीन टक्के धरा, व्याज झाले १,०५०. त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. राहिले किती? २६१ रुपये. पंधराशे भरून कर्ज २६१ रुपयांनी कमी झाले!

आणि तो "नो कॉस्ट ईएमआय"! दिवाळीचा सेल संपला की नाताळचा, नाताळचा संपला की नववर्षाचा. पोरे मोबाईलवर दाखवतात, "आजोबा, व्याजच नाही." अरे बाबांनो, रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार नसतोच. ते व्याज बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवून ग्राहकाकडूनच काढले जाते. रोखीने घेतले तर दुकानदार जी सूट देतो, ती हप्त्यावर घेताना मिळत नाही. ती सूट म्हणजेच व्याज.

असो. गणित सोपे आहे. अवघड आहेत ती माणसे.

नात्यातल्याच एका घरची हकिकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. वडिलांचे ऑपरेशन झाले, त्यात कर्ज झाले. त्यातले काही फायनान्सचे, काही सुनेच्या नावावर बायकांच्या गटातले, आठवड्याच्या हप्त्याचे. नवरा-बायको दोघेही कष्टाळू. यंदा दिवाळीआधी दोघांनी बसून कागदावर हिशेब केला आणि ठरवले, की फायनान्सचे कर्ज याच दिवाळीत संपवायचे. कपडे फक्त दोन्ही लेकरांना. फराळ निम्मा, सगळा घरी केलेला. भाऊबीजेला बहिणींना साडी नाही, ओवाळणीत १११ रुपये. बहिणींना आधीच फोन करून सांगितले, "ताई, यंदा एवढेच. राग मानू नको."

यात वावगे काय आहे? मला तर त्या दोघांचा अभिमान वाटला. पण फोनांचा पाऊस पडला हो! एक बहीण आलीच नाही. "माझ्या सासरी मी काय तोंड दाखवू?" म्हणाली. एक काका म्हणाले, "वाडवडिलांची रीत मोडली पोराने." व्याही मंडळींत कोणीतरी म्हटले, "एवढी वाईट परिस्थिती होती, तर आधी सांगायचे होते," म्हणजे लेक दिली नसती, असा त्यातला अर्थ. पोराची आई ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रडत बसली. आणि वडील, ज्यांच्या ऑपरेशनचे ते कर्ज, ते म्हणाले, "मला दवाखान्यात नेलेच नसते तर बरे झाले असते." बापाच्या तोंडून हे वाक्य यावे, यासाठी आपण सण करतो का?

मंडळी, मला राग आहे तो इथे. ज्यांनी फोन केले त्यातल्या एकानेही ऑपरेशनच्या वेळी "किती लागतात?" असे विचारले नव्हते. मदतीला कोणी नाही आणि मोजायला सगळे!

यावर जी उत्तरे मिळतात ती ठरलेली आहेत. एकेक घेऊ.

"सण वर्षातून एकदाच येतो." खोटे. दिवाळी येते, मग तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई, मग संक्रांतीचे वाण, मग आखाजी. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आणायची, म्हणजे पुन्हा साडी-चोळी आली. मध्ये बारसे, गोंधळ, जावळ आहेतच. आणि हप्ता? तो तर दर महिन्याला येतो, काहींचा दर आठवड्याला.

"रीत आहे." रीत काय होती ते तरी बघा. आखाजीला लेक माहेरी यायची ती झोका खेळायला, गाणी म्हणायला आणि आईच्या हातचे खापरावरचे मांडे खायला. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकलेली, म्हणून चार दिवस विसावा. याच आखाजीला सालदाराचे साल संपायचे, जुना हिशेब व्हायचा आणि नवा करार ठरायचा. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी सणाला हिशेबाचा दिवस जोडला होता. आपण हिशेब तेवढा टाकून दिला आणि साडी धरून ठेवली. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबा जन्मभर कीर्तनांतून सांगत फिरले. १९५६ साली ते गेले. आपण त्यांच्या नावाने स्वच्छतेची अभियाने काढतो, फोटोला हार घालतो. कर्जाचे त्यांचे बोलणे मात्र सोयीस्कर विसरलो.

"पहिला दिवाळसण आहे, जवाईबापूंना काहीतरी द्यावेच लागते." स्वखुशीने टॉवेल-टोपी द्या, त्याला कोणाची हरकत? पण मी पाहतो ते असे, की मुलीकडे निरोप जातो, "त्यांना गाडी बरी पडेल", "अंगठी तरी होईल ना?" २०२५ साली सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले, आणि आमच्या जळगावची तर ओळखच सुवर्णनगरी! अंगठी म्हणजे काय खेळ आहे? मागून घेतलेल्या वस्तूला भेट म्हणत नाहीत. १९६१ चा हुंडाबंदी कायदा लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतरही लग्नाच्या संबंधाने मागितलेल्याला हुंडाच म्हणतो. "दिवाळसण" असे गोड नाव दिल्याने तो बदलत नाही. जावई शिकलेला आहे, नोकरी करतो, मग सासऱ्याच्या हप्त्यावर आलेली गाडी चालवताना त्याला काहीच कसे वाटत नाही?

"लेकरांचे मन मोडते." लेकरांना मोठे लोक समजतात तेवढी कमी समज नसते. मी वर्गात चाळीस-पन्नास मुले वर्षानुवर्षे पाहिली आहेत. ज्यांच्या घरी पैशाचे खरे सांगितले जायचे, ती मुले लवकर शहाणी झाली. लपवाछपवी असायची तिथली मुले रुसत. दहा वर्षांच्या मुलाला पासबुक उघडून दाखवा, "हे आपले देणे, मार्चला संपेल, मग तुझी सायकल." तो स्वतः कॅलेंडरवर खुणा करू लागेल.

हा रोग फक्त आपलाच आहे असेही नाही बरं का! विलायतेत, अमेरिकेत नाताळचे असेच आहे. डिसेंबरात भेटवस्तू आणि जानेवारीत कार्डाची बिले. यावर उपाय म्हणून तिकडे पूर्वीपासून 'ख्रिसमस क्लब' चालतात, वर्षभर थोडे थोडे साठवायचे आणि डिसेंबरात काढायचे. आपली दिवाळी भिशी तीच की! कल्पना उत्तमच. पण इंग्लंडमध्ये फेअरपॅक नावाची अशीच पैसे जमवणारी कंपनी होती, ती २००६ च्या ऑक्टोबरात, ऐन नाताळच्या तोंडावर बुडाली. लाखाहून जास्त साध्यासुध्या कुटुंबांची साठवण गेली. पतसंस्थांचे दुःख भोगलेल्या जळगावकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेव्हा भिशी जरूर लावा, पण पोस्टात किंवा बँकेत आवर्ती खाते काढून स्वतःची स्वतः लावा.

आता कर्ज फेडणाऱ्यांना चार गोष्टी, मास्तरकीची सवय म्हणून.

सगळी देणी एका कागदावर लिहा, आणि ज्याचा खरा दर सर्वांत जास्त ते आधी संपवा. एक कर्ज फेडायला दुसरे चढ्या दराचे काढू नका. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जासोबत एक माहितीपत्रक द्यायचे असते, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते मागा. गटाच्या म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हेही त्याच वर्षी बजावलेले आहे. सावकार खाजगी असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. राज्याचा २०१४ चा सावकारी कायदा मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू देत नाही. आणि कर्ज संपले की "काही बाकी नाही" असा दाखला लेखी घ्या, तोंडी नको.

पण हे सगळे देणाऱ्याने करायचे. माझी खरी मागणी घेणाऱ्यांकडे आहे, आणि ती अगदी साधी आहे. आधी नाही म्हणायचे ते घेणाऱ्याने.

कर्जातला माणूस स्वतः "यंदा जमणार नाही" म्हणू शकत नाही. त्याची जीभ रेटत नाही, त्याच्या बायकोला माहेरची भीती असते, आईला भाऊबंदांची. तेच शब्द घेणाऱ्याच्या तोंडून आले तर त्या घरावरचे केवढे ओझे उतरते! बहिणींनो, भावाचा फोन येण्याची वाट पाहू नका. तुम्हीच फोन करा, "दादा, यंदा साडी आणलीस तर मी ओवाळणार नाही. तुझे देणे फिटू दे." जवाईबापू, सासऱ्यांना तुम्हीच सांगा, "बाबा, मला काही नको, फराळाला येतो." व्याही मंडळी, आहेराचा विषय तुम्ही काढूच नका, तीच मोठी सोयरीक. आणि आम्ही म्हातारे? आम्हीच रीतीचे पहारेकरी म्हणवतो ना? मग पहिली सुरुवात आम्ही करायची.

म्हणून जाहीर सांगतो. या दिवाळीपुढे आमच्या घरी येताना कोणी कपडा, मिठाईचा खोका, चांदीचे नाणे काही आणायचे नाही. पुतणे, भाचे, नातसुना, सगळ्यांना हा नियम लागू. ज्याचे कर्ज चालू आहे त्याने तर मुळीच नाही. थंडीत या, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालतो. येताना आपल्या देण्याचा कागद घेऊन या, बसून हिशेब लावू. ज्या दिवशी तुमचा शेवटचा हप्ता जाईल, त्या दिवशी पेढे मी वाटीन, आणि ते रोखीने घेतलेले असतील!

रीत मोडली म्हणून कोणी रागावले तर माझे नाव सांगा. या वयात मला कोण काय म्हणणार?

तुमच्याकडे कसे चालते? आमच्या ब्लॉगकर मित्रांनी जरूर लिहावे. नातेवाईकांनी लिहिले नाही तरी चालेल, फोन करतीलच.